भांडणाऱ्या पेशी

धाकट्या भावाचे तळहात आज लालभडक झालेत. मी त्यांना मलम लावतेय. रक्ताच्या कर्करोगासाठी त्याला माझ्या मूळपेशी दिल्या. आमचं सगळं जुळलं होतं, तरी त्या आता त्याच्या कातडीशी भांडतायत.

"ताई, अगदी तुझ्यासारख्याच भांडकुदळ निघाल्या," तो म्हणाला.

शेजारी बसलेली आत्या पुटपुटली, "पोरीचं रक्त पोराला सोसत नाही. मी आधीच सांगितलं होतं."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, पण मोठ्यांपुढे अजून अडखळते. डॉक्टरांनी मला समजावलं होतं. मुलाच्या शरीरात काही बारीक खुणा अशा असतात, ज्या मुलीच्या पेशींनी कधी पाहिलेल्याच नसतात. त्या त्यांना परक्या वाटतात. पण हीच नजर कुठे लपून राहिलेला कर्करोगही हुडकून काढू शकते. भांडण हाताबाहेर जाऊ नये म्हणून औषधं चालू आहेत. ते अगदीच मिटलेलं मात्र डॉक्टरांनाही नको आहे.

मला लहानपणापासून नमतं घ्यायला शिकवलं. माझ्या पेशींना ते कुणी शिकवलं नाही, हे किती बरं झालं.

"आत्या, त्या भांडतायत म्हणूनच मला धीर आहे," मी म्हणाले. "त्यांनी गप्प बसू नये."

भावाने दुसरा हात माझ्यापुढे केला.