बाराच्या आत कन्यादान

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मुलीचं लग्न धाराशिवच्या एका मंगल कार्यालयात होतं. पत्रिकेवर मुहूर्त अकरा वीसचा. आमच्याकडं पत्रिकेतल्या अकरा वीसला कुणी अकरा वीस समजत नाही. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला घोड्यावर निघतो, पोरं डीजेपुढं नाचतात, मग माईकवर पाहुण्यांचे सत्कार. अक्षता पडेपर्यंत दीड-दोन वाजतात आणि कन्यादान त्यानंतर.

एरवी मी याकडं दुर्लक्ष केलं असतं. पण माझ्या नवऱ्यानं कन्यादानापर्यंत उपाशी राहायचं ठरवलं होतं आणि त्यांना इन्सुलिन चालू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "उपवास नकोच. ऐकणारच नसाल तर डोस निम्मा घ्या, आणि बाराच्या आत पोटात काहीतरी गेलंच पाहिजे."

"एक दिवस उपाशी राहिल्यानं काय होतंय? पोरीचा बाप हाय मी," हे म्हणाले. वाद घालून उपयोग नव्हता. म्हणून मी वही घेतली आणि बारापासून मागं मोजत आले. पावणेबाराला कन्यादान. अकरा वीसला अक्षता. त्याआधी पाच मिनिटं, मामानं मुलीला बोहल्यावर आणायचं. अकराला नवरदेव दारात.

नवरदेवाकडचे उमरग्याचे. मी विहीणबाईंना फोन करून खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरं नाचल्याबिगर ऱ्हात न्हाईत ओ ताई. पर बघते म्या."

त्या 'बघते'वर माझा भरवसा नव्हता. आमची माणसं तरी हाताशी असावीत म्हणून मी आमच्याकडच्या सगळ्यांना पत्रिकेवरचा मुहूर्त बदलून दहाचा झालाय असं सांगितलं. माझा भाऊ आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला असतो. मामा तोच. त्यालाही दहाच सांगितलं. ह्यांच्या साखरेचं मात्र सांगितलं नाही, उगाच गावभर व्हायला नको.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून माझं लक्ष दोन ठिकाणी होतं, घड्याळाकडं आणि ह्यांच्या कपाळाकडं, घाम फुटतो का ते बघायला. दहा वाजले, भाऊ नाही. साडेदहा वाजले, फोन उचलत नाही. अकराला पाच कमी असताना दारात घोडा. मागं पोरं मुकाट चालत आलेली, तोंडं पाडून. विहीणबाईंनी डीजेची गाडी कार्यालयापासून लांबच उभी करून ठेवली होती. "घ्या, आणलाय तुमचा जावई," त्या म्हणाल्या. सत्कारांच्या यादीची त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकली होती.

सगळं वहीतल्यासारखं चाललं होतं, फक्त मामा नव्हता.

अकरा वीसला भटजींनी माझ्याकडं पाहिलं. साडेअकराला भावाचा फोन लागला. तो अजून रस्त्यातच होता. मी ह्यांच्याकडं गेले. सदरा पाठीला चिकटलेला, बोटं थरथरत होती. बोटाला सुई टोचून साखर पाहिली. अडुसष्ट, सत्तरच्याही खाली. मी गुळाचा खडा पुढं केला. त्यांनी तोंड फिरवलं.

"अहो, खा."

"आधी कन्यादान."

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "मामाची वाट बघाया पायजे. मामाबिगर पोरगी भायेर निघती व्हय कुठं?"

"किती वेळ बघायची?"

"आता येईलच की."

पुढं कुणी काही म्हणायच्या आत मी आतल्या खोलीत गेले, मुलीचा हात धरला आणि तिला बोहल्यावर घेऊन आले. आमच्यात आई अक्षतांच्या वेळी मांडवात थांबतसुद्धा नाही. मी मामाच्या जागी मुलीच्या मागं उभी राहिले. बायकांत कुजबुज झाली, ती मला ऐकू आली. विहीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, "भटजी, म्हणा मंगलाष्टकं. थोडक्यात म्हणा."

कन्यादानाला ह्यांच्या हातातून पाणी सांडत होतं. मी खालून त्यांचा हात धरून ठेवला. शेवटचा मंत्र संपला तेव्हा बाराला दहा मिनिटं होती. मी गुळाचा खडा त्यांच्या तोंडात घातला, वर साखरेचं पाणी पाजलं.

भाऊ साडेबाराला आला. नवा फेटा, हातात भाचीसाठी साडीचं खोकं. बोहल्यावर सप्तपदी चालली होती. तो दारातच थांबला.

"आक्का, असं कसं? तू दहा सांगितलंस, म्हणून मी धरलं, एकच्या आत काय होत न्हाय. दर बारीला तू आधीचंच सांगतीस की."

खरं होतं. बारशापासून वास्तुशांतीपर्यंत मी त्याला तास-दोन तास आधीचीच वेळ सांगत आले होते. त्यालाच खरं कारण सांगितलं असतं, तर तो पहाटेच येऊन बसला असता.

"एकच भाची हाय मला," तो म्हणाला आणि फेटा काढून मागच्या खुर्चीवर जाऊन बसला.

मी त्याच्याकडं लगेच गेले नाही. आधी ह्यांची साखर परत बघायची होती. एकशे दहा आली. मग ताटात दोन पुऱ्या वाढून ह्यांच्यापुढं ठेवल्या, ते खायला लागल्याचं पाहिलं आणि भावाशेजारी जाऊन बसले. चूक माझीच आहे हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, पण माझ्याकडं पाहिलं नाही.