थर्मासमधलं औषध

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. गावभर नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. त्या धामधुमीत आमच्या कॉलेजच्या पदरात एक चांगली वस्तू पडली, पेशींचे भाग थंडीत वेगळे करणारं यंत्र. माझे मार्गदर्शक सर नांदेडला. त्यांच्याकडे किरणोत्सारी खूण केलेलं प्रोटीन होतं, पण यंत्र बंद पडलेलं. म्हणून ठरलं असं, की यीस्टच्या पेशी मी लातुरात फोडायच्या आणि त्यांतले मायटोकॉन्ड्रिया बर्फात घालून एसटीनं नांदेडला न्यायचे.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे बारके कण. त्यांना लागणारी बहुतेक प्रोटीनं त्यांच्या बाहेर तयार होतात. पुष्कळांच्या टोकाला पत्ता लिहावा तसा एक तुकडा असतो. तो ओळखून दार उघडतं, प्रोटीन उलगडून धाग्यासारखं आत ओढलं जातं आणि आत गेल्यावर पत्त्याचा तुकडा छाटला जातो. मात्र मायटोकॉन्ड्रियात जीव हवा. उष्म्यानं ते मरगळले, की प्रोटीन दाराशीच चिकटून बसतं. आत गेलं की बाहेर राहिलं, हे कळायला प्रोटीन खाऊन टाकणारं एन्झाइम घालायचं. बाहेरचं संपतं, आतलं वाचतं.

पहिल्या खेपेला वाटेतल्या लोहा गावाच्या आधीच बर्फाचं पाणी झालं आणि माझं काहीच वाचलं नाही. सर म्हणाले, "एकदाच पुरेल एवढं प्रोटीन उरलंय. या वेळी जमलं नाही तर पीएच.डी.चा विषय बदलावा लागेल." चार वर्षं मी यीस्ट वाढवत होतो. आई म्हणायची, "इतके दिवस खमीर लावून राहिलास, पाव कवा भाजणार हाईस?"

दुष्काळामुळे बर्फाचा कारखाना आठवड्यातून एकच दिवस चाले. त्या दिवशी पहाटे उठून काम उरकलं, थर्मास बर्फानं गच्च भरला, मधोमध नळी रोवली आणि गाडीत बसलो. थर्मास मांडीवर. दर दहा मिनिटांनी कानाशी नेऊन हलवायचा आणि आतून खडखड आली की सुटकेचा श्वास टाकायचा. आजूबाजूचे मला वेडा समजत असणार.

अहमदपूरला एक बाई पोटुशी लेकीला घेऊन चढल्या आणि शेजारी बसल्या. पहिलं बाळंतपण, माहेरी नेत होत्या. स्टँडवरचा नळ कोरडा होता. गाडी सुटली तशी पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या. तिचे ओठ पांढरे पडले. माझ्या थर्मासची खडखड बाईंनी ऐकली होती.

"सायेब, पोरीला घोटभर पाणी हाय का?"

आमच्याकडे पाणी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. दुष्काळात तर नाहीच नाही. मी म्हणालो, "न्हाई मावशी. औषध हाय त्यात."

खोटं इतकं सहज निघालं की माझी मलाच भीती वाटली. बाईंनी एकदाही संशयानं पाहिलं नाही. उलट म्हणाल्या, "मंग असं उन्हात धरून काय राहिलाव? द्या हिकडं." त्यांनी थर्मास घेतला, मांडीवर ठेवला, त्यावर पदर ओढला. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरत. एरवी एका हातानं लेकीची पाठ चोळत आणि दुसऱ्यानं माझं यीस्ट सांभाळत. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आता सांगावं, एक खडा तरी द्यावा, असं वाटे आणि लगेच मागच्या खेपेचा सरांचा चेहरा आठवे. लोहा येईपर्यंत मी हेच करत बसलो.

लोह्याला त्या उतरल्या. थर्मास माझ्या हातात देत म्हणाल्या, "लवकर न्या. कुणीतरी वाट बघत आसंल. बरं व्हईल तुमचं माणूस."

प्रयोग साधला. आठवड्यानं एक्स-रे फिल्मवर त्या किरणोत्सारी खुणेची पट्टी उमटली. प्रोटीन आत गेलं होतं, पत्ता छाटला गेला होता आणि एन्झाइम घालूनही ते शाबूत होतं. यथावकाश पदवी मिळाली. प्रबंधात मी सगळ्यांचे आभार मानले, अगदी बर्फाच्या कारखान्याचेसुद्धा. त्या बाईंचे मानायचं धाडस झालं नाही.

त्या दिवशी नांदेडला पोचलो तेव्हा सरांनी नळी काढून घेतली आणि थर्मासात डोकावले. "वा, अर्ध्याहून जास्त बर्फ शिल्लक आहे की!" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चेहरा किती उतरलाय. आधी पाणी प्या." आणि त्यातलेच चार खडे त्यांनी माझ्या ग्लासात टाकले.

तहान लागली होती. मी प्यालो.