सासऱ्यांसाठी जागा शोधताना
भाजलेल्या शेंगांचा वास आला की जळगावची ती पत्र्याची खोली आठवते. आम्ही दोघं नोकरीला जायचो, आणि सासरे विसराळू झालेले. त्यांना दिवसभर सांभाळणारी जागा मी शोधत होते. आधीच्या ठिकाणी स्वच्छ गाद्या होत्या, टीव्ही होता. तिथल्या बाईंनी त्यांच्यासमोरच मला विचारलं, "हे त्रास देतात का?" सासऱ्यांनी मान खाली घातली. मग म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या या पत्र्याच्या खोलीत आलो. चार म्हातारे भाजलेल्या शेंगा सोलत बसले होते. एकजण सरकून जागा देत अहिराणीत म्हणाला, "बठा भाऊ. तुमनं गाव कोनतं शे?" "मन्हं भडगाव," म्हणत सासरे बसले आणि शेंगा सोलू लागले. संध्याकाळी मी न्यायला गेले तर सासरे म्हणाले, "उद्या लवकर आणून सोड." मी महिनाभर वणवण केली, पण त्यांना काय हवंय हे एकदाही विचारलं नव्हतं, ते मला आज कळतं.