गच्ची चन्नम्माक्कांची

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सूर्याचं ऊन पृथ्वीवर किती मिनिटांत पोचतं ते झोपेतून उठवलंत तरी सांगेन. पण शेजारच्या महालिंगअण्णांचा गच्चीवरच्या सोलरच्या सरकारी योजनेचा अर्ज भरायला बसले आणि माझी मती गुंग झाली.

अण्णांचं लक्ष्मीपुरीत बारदानाचं दुकान. जुनी पोती घ्यायची, शिवायची, विकायची. माणूस फटकळ, पण व्यवहाराला चोख. ही योजना त्यांना पटेनाही आणि सोडवेनाही.

"लीलाताई, आधी सगळं पैसं मी भरायचं. मग सरकार अठ्ठ्याहत्तर हजार माघारी देनार. दिवसा वीज मी त्यास्नी द्यायची, रात्री त्यांनी मला द्यायची. ह्यात गिऱ्हाईक कोन आन् दुकानदार कोन?"

मला तरी कुठं ठाऊक होतं! मी आपली मान डोलावली.

खरी अडचण गच्चीची होती. तिथं अण्णांच्या बायकोचं, चन्नम्माक्कांचं वाळवण चालायचं. उन्हाळा लागला की कुरडया, सांडगे, शेवटी चटणीच्या मिरच्या. निपाणीकडचं माहेर, हाताला चव. निम्मी गल्ली त्यांच्याकडूनच विकत घेते. तेवढीच त्यांची स्वतःची कमाई. आता पॅनल बसले की दक्षिणेकडचं सगळं ऊन जाणार.

अक्कांनी मला जिन्यात गाठलं. "सरकार उनाला पैसं देतंय व्हय? मग मी तीस वर्सं उनावरच धंदा केला की. मला का न्हाई दिलं?"

मला हसू आलं. "अण्णांना सांगा की, थोडी जागा सोडा म्हणून."

"सांगून काय व्हतंय? घर त्यांचं."

हे वाक्य मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकत आलेय, फक्त अण्णांच्या आवाजात. 'माझ्या घरात माझंच चालनार!' तीन वर्षांमागं अक्कांची आई, त्यांची अव्वा, निपाणीला अंथरुणाला खिळली. चार दिवस इथं आणते म्हणाल्या, तेव्हाही हेच ऐकू आलं होतं. म्हातारी तिकडंच गेली.

रविवारी सोलर कंपनीचा सम्राट नावाचा पोरगा टेप घेऊन आला. गच्ची मोजली, अक्कांनी आणलेला चहा प्याला आणि मला म्हणाला, "मॅडम, लाइटबिलावरचा ग्राहक क्रमांक टाका."

अण्णांनी खिळ्याला अडकवलेल्या गठ्ठ्यातलं बिल काढून दिलं. बिलावर ते दोनच गोष्टी वाचतात, रक्कम आणि शेवटची तारीख. मी क्रमांक टाकला. पडद्यावर नाव आलं: चन्नम्मा महालिंग पट्टणशेट्टी.

माझंच काहीतरी चुकलं असणार. पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

सम्राटनं बिल उचललं. "हितंबी तेच छापलंय की. घरफाळ्याची पावती हाय काय?"

महापालिकेच्या त्या पावतीवरही घरमालक म्हणून अक्काच.

"मग अर्ज काकूंच्या नावानं, अनुदान काकूंच्या खात्यात, आन् मोबाइलवर नंबर येईल त्योबी काकूंनीच सांगायचा."

अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. तिकडंच बघत अक्कांना म्हणाले, "तुज्या अप्पांनी घर बांधाया निम्मं पैसं दिलतं. लेकीच्या नावावर कर म्हनून हटून बसलते. तवा केलं. मग... इसरलो."

विसरले की विसरायचं ठरवलं, देव जाणे. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वाटलं, आता अक्का यांना चांगलं फैलावर घेणार. पण अक्कांनी बिल हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि नावावर बोट ठेवलं.

"हे कवापासनं हाय?"

"घर बांधल्यापासून," मी म्हणाले.

"मी सह्या केलत्या की. कशावर ते कुनी सांगितलंच न्हाई." त्यांनी अण्णांकडं बघितलं. आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "मग अव्वाला आनू का म्हनून मी इचारलं, ते कुनाला इचारलं?"

मी नजर चुकवून अर्जात अक्कांचा मोबाइल नंबर टाकला. लगेच अक्कांचा मोबाइल वाजला. नंबर आला होता.

अण्णांनी घसा साफ केला. "चन्नम्मा, पॅनल कुठं बसवायचं, तू सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?" सवयीनं अक्का बोलून गेल्या, आणि मग स्वतःच थांबल्या. मोबाइल पदराखाली धरून सम्राटला म्हणाल्या, "नंबर आज सांगत न्हाई, पावनं. आधी वर जाऊन बगते."

मी त्यांच्या मागोमाग गेले. ऐन दुपार होती. रोजची गच्ची, पण अक्का दारातच अडखळल्या, परक्याच्या घरात शिरल्यासारख्या.

"लीलाताई, ह्यातली माजी बाजू कुठली धरायची?"

"सगळीच, अक्का."

त्यांना ते उमगेना. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत नुसत्या बघत राहिल्या. मग जिन्याच्या खोलीशी, पत्र्याच्या सावलीत गेल्या आणि पावलं टाकून जागा मोजली. सहा पावलं भरली.

"हितं अव्वाची खाट मावली असती की," त्या म्हणाल्या.