तीनदा रडलेलं लेकरू

आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सरकारी दवाखान्यात सकाळी मुलगा झाला, तीनदा रडला, आणि दुपारच्या आत गेला. ऑक्सिजनचं नळकांडं रिकामं होतं. कागदावर मात्र लिहिलं, 'मृत जन्म'. जिवंत जन्मून गेलं तर जाब द्यावा लागतो, असं तिथल्याच आयानं कानात सांगितलं.

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "दूध आटायला छाती बांधून घे, पुढच्या साली दुसरं व्हईल."

पाचव्या दिवशी आईनं पाचवी पुजली नाही. लेकरूच नाही, तर सटवाई कुणाचं नशीब लिहिणार? तिच्यापुढं ठेवायला आणलेला कोरा कागद आणि पेन फडताळात पडून होतं. आक्कानं ते माझ्यापुढं टाकलं. "तू लिही. अर्ज."

बाबा मोर्चांतून आणायचे त्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. अर्जाच्या पहिल्याच ओळीत 'खुनी' आलं, दुसरीत 'निर्दयी'.

"शिव्या काढ," आक्का म्हणाली. "शिवी खाल्ली की त्यायला वाटतंय, फिटलं. मला फिटू द्यायचं न्हाई."

"मग काय लिहू?"

"तीनदा रडला. मी ऐकलं. दाराबाहीर तूबी ऐकलं."

सव्वा महिना झाल्यावर ती अर्ज घेऊन दर लसीकरणाच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसू लागली. लेकरं घेऊन आलेल्या बायांना सांगायची, "रजिस्टरात नाव बघून घ्या बाई. माझ्याचं न्हाई."

"बाहेर बसा," नर्स म्हणाली. "लेकरांना नजर लागंल तुमची."

"लेकरायला न्हाई लागायची. तुमच्या रजिस्टराला लागंल."

चौथ्या खेपेला आई आणि मीही सोबत होतो. डॉक्टरांनी आत बोलावलं, चहा मागवला. नोंद दुरुस्त करतो म्हणाले. फक्त तक्रार नाही, एवढं लिहून द्या. आई पुटपुटली, "घे बाई, मिटव." खरं सांगते, मीही पेन उचललं होतं. निदान लेकरू जन्मल्याचा दाखला मिळेल, असं वाटलं.

आक्कानं पेन माझ्या हातातून काढून घेतलं. "दाखला त्याचा हाय सायब, तो तुमाला द्यावाच लागंल. तक्रार माझी हाय. अर्ज घ्या आन् पोच द्या."

चहावर साय धरली. शेवटी त्यांनी पोच दिली. शिक्का आधी उलटा पडला, त्यांना तो पुन्हा मारावा लागला. ते बघून मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.