राहा की

उत्रोलीच्या हनुमंतआबांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांमागे भोरचे कादंबरीकार शरच्चंद्र यायचे. नवा तांदूळ निघाला की पहिली पिशवी त्यांच्या घरी जायची आणि आबांचा मुक्कामही तिथंच पडायचा, चार-चार दिवस. पारावर कुणी चेष्टा केली की आबा म्हणायचे, "मला बघितल्याबिगर त्यास्नी करमतच न्हाई."

गेल्या वर्षी शरच्चंद्र वारले. त्यांच्या पुण्याच्या मित्राकडून परत आलेली खासगी पत्रं संगणकावर चढवायचं काम नलूवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आबांच्या नातीला, शेफालीला दिलं. तेव्हापासून आबांनी तिच्यामागं एकच धोशा लावला, माझं नाव शोध. रविवारी स्मृतिसभा होती आणि तिथं त्यांना मित्र म्हणून बोलायचं होतं.

नाव सापडलं. शेफालीनं खुशीत मोठ्यानं वाचायला घेतलं, "हनुमंत पुन्हा आला आहे. तांदूळ उत्तम, माणूस भला, पण चार दिवस झाले तरी हलत नाही. ओटीवर तो खोकला की माझं वाक्य तुटतं. बायको तर..."

पुढची ओळ तिनं मनातच वाचली.

"वाच," आबा म्हणाले.

"आणि तो निघाला की मीच भिडेपोटी म्हणतो, राहा की."

आबांच्या हातातली बशी तशीच राहिली. चहावर साय धरली तरी बशी तोंडाला लागली नाही. शेफाली घाबरून त्यांच्याकडं बघत होती.

"अगं, म्या तर दुसऱ्याच दिशी निगायचो," ते म्हणाले. "वहाणा घातल्या की तेच म्हनायचे, राहा की. मोठ्या माणसाचा शबुद मोडायचा कसा? हितं निम्मं भात झोडायचं पडलेलं, आन् म्या तितं ओटीवर."

सभेत बोलायचं त्यांनी रद्द केलं. तांदूळ मात्र चुकवला नाही. रविवारी सकाळीच ते भोरला गेले, दारातच नलूवहिनींच्या हाती पिशवी दिली आणि माघारी वळले.

"अहो हनुमंतराव, असं काय? राहा की."

आबा जागच्या जागी थांबले. "वैनी, ही रीत म्हून म्हनताय, का खरं?"

वहिनींनी पिशवी छातीशी धरली. 

"रीत पाळायला आता घरात आहे कोण?" त्या म्हणाल्या.

आबा पायरीवर टेकले. वहाणा मात्र त्यांनी पायातच ठेवल्या.