ढोलाला पोट लावून

रविवारी सकाळी बिरोबाच्या देवळापुढं ढोलवाले जमलेले दिसले की प्रतिक्षा पळत जायची आणि ढोलाला पोट लावून उभी राहायची. डोळे मिटायची. ढोल चढला की तीही चढायची, केस सुटायचे, आणि मध्येच तिच्या घशातून एक लांब, घोगरा आवाज निघायचा. शब्द नसलेला. पुजारी तात्याबा हात जोडून म्हणायचे, "भाकणूक झाली! देव बोलला!" मग माणसं त्या चौथीतल्या पोरीच्या पायांवर भंडारा उधळायची. यंदा ऊस साधंल का, सुनेला दिवस जातील का, ज्याचं त्यानं त्या आवाजातून उत्तर काढून घ्यायचं.

कळस गावाच्या पुढं, फाट्यावरून आत गेलेली ही धनगरांची वस्ती. मेंढरं केव्हाच विकली, आता कुणाचा ऊस, कुणाची ड्रायव्हरी. प्रतिक्षाचा बाप रविराज भिगवणहून मासळीचा टेम्पो घेऊन जायचा. कधीतरी घरी यायचा, आणि आला की झोपायचा. घरात पोर, तिची आई नकोशी आणि नकोशीची सासू झुंबर.

पोरींच्या पाठीवर पुन्हा पोरगीच झाली म्हणून नकोशीच्या बापानं तिचं हे नाव ठेवलेलं. माहेरात नाही, सासरात नाही, तिला कुणी कधी "बस गं" म्हटलं नव्हतं. प्रतिक्षाच्या अंगात देव येतो असं ठरलं आणि सगळं फिरलं. नळावर बाया बाजूला सरकायला लागल्या. "देवाची आय आली, तिला आधी भरू द्या." नकोशी हंडा भरून मान जरा ताठ करून चालायची. खोटं कशाला सांगा, तिला ते आवडायचं.

पोरीच्या कानातून पू यायला लागला म्हणून ती तिला बारामतीला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी प्रतिक्षाला पाठमोरी बसवलं आणि मागं स्टीलचा ट्रे आपटला. नकोशी दचकली. प्रतिक्षा भिंतीवरच्या पंख्याकडं बघत राहिली.

"हिला ऐकू येत नाही हे माहीत होतं का तुम्हाला?"

"येतंय की! ढोल ऐकती."

"ढोल तिला पोटाला कळतो, ताई. गिरणीच्या भिंतीला हात लावला की गिरणी चालू असल्याचं कळतं ना, तसा. कानाला नाही कळत." बाई थांबल्या. "कानाचं मशीन मिळवता येईल. पण नुसत्या मशीननं बोलणं येत नाही, ते शिकवावं लागतं. अशा मुलांसाठी शाळेत फिरत्या बाई येतात. तुमच्या शाळेनं हिचं नाव वर कळवायला पाहिजे."

परतीच्या एसटीत नकोशी पोरीच्या मानेमागून हळूच म्हणाली, "प्रतिक्षा." मग जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. प्रतिक्षा काचेवर बोटानं रेघा काढत होती. पुढच्या सीटवरची म्हातारी वळून म्हणाली, "अगं बया, मांडीवर तर बसलीया. हाका कुणाला मारतीस?"

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. मुख्याध्यापक जोतीराम सर फळा पुसत होते. प्रतिक्षा सगळ्यात मागच्या बाकावर, एकटीच.

"सर, माझी पोर बहिरी हाय. तिचं नाव कळवा."

"नकोशीताई, जरा हळू."

"कशापायी? तिला तर ऐकू येत न्हाय."

सरांनी डस्टर खाली ठेवलं. तिला व्हरांड्यात नेलं. "मला पहिलीतच कळलं होतं. शाळा समितीच्या बैठकीत बोललोही होतो. तात्याबा समितीत आहेत. उठून म्हणाले, 'आमचा देव बहिरा हाय म्हणता व्हय?' त्यानंतर कितीतरी दिवस शाळेच्या टाकीत कुणी पाणी सोडलं नाही. मी परगावचा माणूस. गप्प बसलो."

"वर्गात तिला काय इचारता तरी का?"

"पोरं तिच्या शेजारी बसत नाहीत. देवाच्या पोरीला धक्का लागला म्हणून घरी मार बसतो."

"म्हंजी तुमीबी तिला देव्हाऱ्यातच बसीवलीया."

सर व्हरांड्याच्या खांबाकडं बघत म्हणाले, "तात्याबांनी हो म्हणू द्या, मी त्याच दिवशी नाव कळवतो. पण आता थांबू नका. पाचवीला ती दुसऱ्या शाळेत जाणार. तिथं आणखी मागं पडेल."

"पाचवीला जाती कुठं? चौथी झाली की तात्याबा तिला देवळातच बसीवणार हायेत. आमच्या सासूबाईंनी कबूल केलंय."

घरी झुंबर चुलीपुढून उठलीच नाही. "येडी झालीस का? बसून खाईल पोर जन्मभर."

"बसूनच हाय ती, आत्या."

"आन् तू गं? तुला कोण इचारत हुतं आधी? नाव काय तुझं, ध्यानात हाय न्हवं?"

ते खरं होतं, नकोशीलाही ठाऊक होतं. तिनं रविराजला फोन लावला. पलीकडं नुसता वारा आणि हॉर्न.

"म्हाताऱ्या माणसांशी वाकडं घिऊ नगं," तो म्हणाला. "तूच बघ काय ते. टोल आला, ठिवतो."

रविवार आला. ढोल खांद्यावरून खाली उतरले, भंडारा उधळला गेला, प्रतिक्षा अंगणातून पळत सुटली. देवळापुढं पोचायच्या आतच नकोशीनं तिला कमरेला धरलं, तिचं तोंड रस्त्याकडं फिरवलं आणि तशीच गच्च धरून उभी राहिली.

तात्याबा ओट्यावरून म्हणाले, "सोड की गं तिला. देवाचा येळ झालाय."

"तात्याबा, देव ढोलाच्या आवाजानं येतो न्हवं? आवाज हितंवर येतोय. देवबी यील. वाजवा."

"सुनबाई, देवाची परीक्षा घ्यायची नसती."

"देवाची न्हाय. पोरीची."

ढोलवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग वाजवायला लागले. आधी धिमं, मग चढतं. कबुतरं उडाली. ओट्यावर टेकलेल्या म्हातारीची मान डुलायला लागली. प्रतिक्षा आईच्या हाताला हिसके देत होती. सुटका होत नाही म्हटल्यावर खाली बसली, एक खडा उचलला आणि उन्हात धरून निरखायला लागली.

ढोल थांबले. तिला कळलंही नाही. ती खडाच बघत होती.

नकोशीनं हात सैल केले. पोर वळली, धावली आणि गप्प झालेल्या ढोलाला पोट लावून तिनं डोळे मिटले. वाट बघितली. डोळे उघडले. ढोलवाल्याच्या तोंडाकडं बघितलं. छोट्या मुठीनं ढोलावर एक थाप मारली, वाजव म्हणून. कुणी हललं नाही. मग तिच्या घशातून तो लांब आवाज निघाला.

या खेपेला कुणीच हात जोडले नाहीत.

तात्याबांनी ताटाबाहेर सांडलेला भंडारा बोटांनी गोळा केला. "सरांना म्हणावं, कळवा," ते अखेर म्हणाले. "बहिरी हाय म्हणून कळवा. माझं काय म्हणणं न्हाय." मग ताट आपल्याकडं ओढून घेत म्हणाले, "आन् बहिऱ्या पोरीचं ढोलापाशी काय काम? जा घिऊन."

सरांनी शब्द पाळला. वर खेटे त्यांनीच घातले. मशीन आलं. दर मंगळवारी इंदापूरहून अनिता मॅडम स्कूटीवरून यायला लागल्या. त्यांनी प्रतिक्षाला पहिल्या बाकावर बसवलं, तिचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवून "आ" म्हणाल्या, मग तिच्याच गळ्यावर ठेवला. बाकावर शेजारी आता एक पोरगी बसते. परवा दोघींनी पेन्सिलीवरून मारामारी केली. जोतीराम सरांनी हे नकोशीला मुद्दाम घरी येऊन, हसत सांगितलं. त्या घरी येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

नळावर बाया बाजूला सरकत नव्हत्या. टोमणेही मारत नव्हत्या. ती आली की बोलणं थांबायचं, ती गेली की सुरू व्हायचं. कुणी भांडली असती तरी तिला बरं वाटलं असतं. झुंबर भिंतीकडं तोंड करून जेवायची. रविराज आला, पोरीच्या कानातलं मशीन बघितलं, "महाग असंल," म्हणाला आणि झोपला.

आजही रविवार. नकोशी अंगणात भांडी घासत होती, प्रतिक्षा मातीत काडीनं "आ" काढत होती. देवळाकडं ढोल सुरू झाला.

प्रतिक्षाची काडी थांबली. तिनं मान वर केली, इकडं नाही, तिकडं नाही, नेमकी देवळाकडं. एवढ्या लांबून ढोलानं तिला कधीच बोलावलं नव्हतं. तिनं आईकडं बघितलं, बोट दाखवलं. "ढो," ती म्हणाली. "ढो!"

"व्हय गं. ढोल." नकोशीनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

पोरीनं तिचा ओला हात ओढत तिला कुंपणापर्यंत नेलं. इथून देवळाचा ओटा दिसतो. तिथल्या माणसांनाही या दोघी दिसत होत्या. एकदोघांनी बघितलं. हात कुणी केला नाही. नकोशी तिथंच थांबली.

मग ती माघारी आली, पाण्याचा हंडा रिता केला, पालथा घातला आणि दोन्ही हातांनी बडवायला लागली. प्रतिक्षानं हंड्याला पोट लावलं, डोळे मिटले, आणि लगेच उघडले. तोंड वाकडं करून तिनं जोरजोरात मान हलवली. असं नाही. तिनं देवळाकडं बोट केलं, आईचा हात मनगटाला धरून उचलला, क्षणभर कान देऊन थांबली, आणि तिकडं थाप पडली तसा तो हात हंड्यावर आपटला. पुन्हा थांबली. पुन्हा आपटला.

अंगणात दोघींशिवाय कुणी नव्हतं. नकोशीनं हात तिच्या हातात सोडून दिला.